कोरी बरणी

१

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी पंचवीस बरण्यांची झाकणं उघडायचो. त्यांतल्या चोवीस बरण्यांत जंगलातली माती असायची आणि पंचविसावीत काही नसायचं. ही गोष्ट त्या पंचविसाव्या बरणीची आहे. ती लिहून काढली की मन हलकं होईल असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

माती श्वास सोडते. हे मी कुठेही म्हटलं की लोक कौतुकाने मान डोलावतात, त्यांना वाटतं हा गृहस्थ काव्य करतोय. काव्य कसलं, साधी कुजण्याची बाब आहे. जंगलात पाला पडतो, मातीत मुरतो, त्यावर सूक्ष्मजीव जगतात आणि ते आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मातीत किती कार्बन टिकणार हे सांगायचं, तर ती रोज किती सोडते ते आधी कळायला हवं. म्हणून मूठभर माती बरणीत घालायची, तिच्याशेजारी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची छोटी वाटी ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मातीने सोडलेला श्वास ती वाटी पिऊन घेते. तीन-चार दिवसांनी वाटी काढायची, रंगाचे दोन थेंब टाकून पाणी गुलाबी करायचं आणि गुलाबी जाईपर्यंत थेंब थेंब आम्ल सोडायचं. किती आम्ल लागलं त्यावरून श्वासाचा आकडा निघतो.

पंचविसावी बरणी कोरी. तिच्यात नुसती वाटी. बरणीतल्या हवेतही थोडा कार्बन असतोच, तो किती ते या कोऱ्या बरणीवरून कळतं, आणि तेवढा आकडा बाकी चोवीसांतून वजा करायचा असतो. मातीचे आकडे तीस ते पन्नास यायचे. कोरीचा कायम दोन, फार तर अडीच. कोरीकडे कुणी बघत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं तिचं असतं, जागेवर आहे ना एवढं पाहिलं की झालं.

हे गेल्या वर्षीचं, २००७ सालचं. हडपसरच्या एका काचेच्या इमारतीतल्या सॉफ्टवेअर कंपनीने परदेशी ग्राहकासाठी सह्याद्रीतल्या जंगलमातीचं मॉडेल करायला घेतलं होतं. मातीचा माणूस म्हणून मला नेमलं आणि मांजरीत उसाच्या कडेला दोन खोल्यांचा जुना बंगला प्रयोगशाळा म्हणून दिला. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि आम्ल सोडायची काचनळी, ब्युरेट, आतल्या खोलीत अंधार आणि बरण्या. मातीला ऊन चालत नाही. समोरच्या उसात एकेक करून बारा मजली इमारती उगवत होत्या. आकडे मी ईमेलने पाठवायचो आणि हडपसरला अपेक्षा नावाची एक हुशार मुलगी ते मॉडेलमध्ये भरायची. तिने आयुष्यात जंगल पाहिलं नव्हतं, हे तिने पहिल्याच दिवशी हसत कबूल केलं होतं. मी तिला म्हणालो, काही बिघडत नाही, आमच्या ग्राहकानेही पाहिलेलं नाही.

२

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी कोरीचा आकडा अकरा आला.

मी वाटी पुन्हा पाहिली, आम्ल पुन्हा पाहिलं, माझं चाळिशीचं भिंग पुसलं. मग सरळ विचार केला. झाकणाची रबराची चकती जुनी झाली असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल. चकती बदलली. शुक्रवारी आकडा सतरा आला.

कॉस्टिकचं पाणी नवं केलं. बरणी धुतली, आम्लाने विसळली, भट्टीत वाळवली. मंगळवारी बावीस.

आता बावीस म्हणजे काय ते सांगतो. ताम्हिणीच्या बाजूची, पाल्याने काळीभोर झालेली माती तीन दिवसांत जेवढा श्वास टाकते, त्याच्या निम्म्याहून जास्त श्वास काहीच नसलेल्या एका बरणीने टाकला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण मुरायला तिथे मातीच नव्हती.

त्या दुपारी अपेक्षाचा फोन आला. मला वाटलं, चूक पकडली पोरीने. तर ती आनंदात होती. कोरीचा आकडा वजा होत असल्यामुळे बाकी सगळ्या मातींचा श्वास कमी दिसायला लागला होता. श्वास कमी म्हणजे कार्बन टिकून राहणार, म्हणजे जंगल फार गुणी. ग्राहक खूश होता. मी तिला म्हटलं की कोरीत काहीतरी गडबड आहे, एवढ्यात कुणाला काही सांगू नकोस. ती म्हणाली, "सर, ऑलरेडी प्रेझेंटेशनमध्ये गेलंय." चूक सोयीची असली की तिला पाय फुटतात, हे मला नोकरीच्या वीस वर्षांत समजलेलं होतं.

३

ती बरणी आमच्या घरची होती.

मूळची कोरी बरणी नोव्हेंबरात माझ्या हातून फुटली. नवी यायला महिना लागला असता, म्हणून मी स्वयंपाकघरातली आईची लोणच्याची काचेची बरणी उचलली. तेवढ्याच मापाची होती आणि झाकण चांगलं घट्ट बसायचं. आई बार्शीहून आमच्याकडे बिबवेवाडीला राहायला आली तेव्हा ती बरणी तिने मांडीवर ठेवून आणली होती. लोणचं केव्हाच संपलं होतं. ने म्हणाली, पण रिकामी नेऊ नको. मी हसून नेली. रिकामीच तर हवी होती.

बरणी नेली त्याच दिवशी, शुक्रवारी, आईला छाती दाखवायला हडपसरच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली बाई, जिना चढताना धापा टाकायची. ते झाल्यावर तसाच पुढे मांजरीला गेलो, म्हटलं दहा मिनिटांचं काम आहे. ती आतल्या खोलीत स्टुलावर बसली आणि मी बरण्या भरताना बघत राहिली. चोवीस झाल्या. पंचविसावीत मी वाटी ठेवली आणि झाकण हातात घेतलं.

"रिकामी झाकू नये," आई म्हणाली. "भांडं रिकामं द्यायचं न्हाई, रिकामं झाकायचं न्हाई. चिमूटभर साखर तरी टाक."

मी समजावलं की ही मुद्दाम रिकामी ठेवायची असते, तिच्यात काही नसणं हेच तिचं काम आहे.

"मुद्दाम कोण रिकामं ठिवतंय?" ती म्हणाली. "असलं तोंड वासलेलं भांडं झाकून ठिवलं तर ते आपलं आपण भरून घ्यायला लागतंय."

तिने बरणी माझ्या हातून घेतली. आजूबाजूला पाहिलं, टाकण्याजोगं काही दिसेना. मग चष्म्याची काच पुसण्याआधी करतात तसं तिने बरणीच्या तोंडाशी तोंड नेलं, हाऽ करून एक लांब श्वास आत सोडला आणि झाकण स्वतःच फिरवून घट्ट लावलं.

"साखर न्हाई तर न्हाई," म्हणाली.

त्या आठवड्याचा आकडा पाच आला आणि मला त्याचं हसू आलं होतं, कारण त्याचं कारण मला ठाऊक होतं. माणसाचा एक श्वास म्हणजे साधारण तेवढाच कार्बन. पुढच्या वेळी बरणी उघडून हवेशीर करून घेतली आणि आकडा पुन्हा दोनावर आला. प्रकरण तिथे संपायला हवं होतं. मी आजही शपथेवर सांगेन की त्यानंतर दोन आठवडे आकडा दोनच होता.

४

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझी मुलगी पायल सहावीत आहे. शाळेतून येताना ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढून तीन मजले एका दमात संपवायची. तिचे पाय खालच्या फाटकापासून ऐकू यायचे. आई पलंगावरून म्हणायची, पोरगी हाय का घोडं. मग दोघींचं गूळ-शेंगदाण्याचं खाणं व्हायचं आणि आजी नातीला तिचे कायदे शिकवायची. केर दाराकडे लोटू नये. कात्री उगाच वाजवू नये. शेजारची वाटी रिकामी परत देऊ नये. पायल ते सगळं मन लावून ऐकायची. माझं तिने कधी एवढं ऐकलं नाही.

डिसेंबरात आईचं बोलणं तुटायला लागलं. पूर्वी एका वाक्यात माझी चांगली खरडपट्टी काढायची, आता मध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. डॉक्टर दर आठवड्याला तिला एका नळीत फुंकायला लावत आणि यंत्रावर आकडा येई. फुफ्फुसं आखडत चालली आहेत, ती पूर्ववत होणार नाहीत, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. माझी बायको कौशल्या धीराची. तिने घरी ऑक्सिजनच्या सिलिंडरची सोय केली आणि त्याला एक स्वच्छ अभ्रा शिवला, कारण उघडं लोखंड घरात बरं दिसत नाही म्हणाली.

मी आकड्यांचा माणूस. जानेवारीत एकदा टेबलाशी बसलो असताना समोर दोन याद्या होत्या, एक कोऱ्या बरणीची आणि एक डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून उतरवलेली. नको नको म्हणत दोन्हींचा एकाच कागदावर आलेख काढला. एक रेघ वर चढत होती, एक खाली उतरत होती. बरणीची रेघ आरशात धरावी तर आईची दिसावी. आईला एक आठवडा बरं वाटलं होतं, त्या आठवड्यात बरणीही थांबली होती.

दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. त्याच वर्षी मांजरीतल्या इमारतींचे मजलेही वाढत होते. मी कागद फाडला. घरी जाताना स्कूटरवर मला रडू आलं आणि सोलापूर रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, साहेब, डोळ्यात काही गेलं का. हो म्हटलं.

५

मग मी बरणी बाद केली. ते मी आधीच करायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. नवी बरणी आली होती, तिला कोरी केलं आणि तिचा आकडा पहिल्याच खेपेला शहाण्यासारखा दोन आला. आईची बरणी झाकण काढून फळीवर ठेवून दिली. शुक्रवार होता. मला इतकं हलकं वाटलं की मी पायलसाठी वाटेत पेस्ट्री घेतली.

शनिवारी पहाटे आईला श्वास मिळेना. सिलिंडर पूर्ण उघडला तरी मिळेना. ओठ जांभळे, डोळे माझ्यावर. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले आणि जाताना दारात कौशल्याला म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी सकाळी आठला घरातून निघालो. औषध आणतो म्हणालो आणि मांजरीला गेलो. बायकोशी बोललेलं ते एवढं एकच खोटं मला अजून टोचतं.

आतल्या खोलीत जाऊन मी त्या बरणीचं झाकण लावलं. घट्ट फिरवलं. लगेच फोन केला. कौशल्या म्हणाली, अहो, आत्ताच, आत्ता या मिनिटाला जरा शांत झाल्यात, चहा मागतायत.

मी स्टुलावर बसून राहिलो. याला पुरावा म्हणत नाहीत. इंजेक्शन लागू पडायला दीड-दोन तास लागतात, तेवढे झालेच होते. मला हवं असेल तर पुन्हा झाकण काढून बघता आलं असतं, प्रयोग असाच करतात. माझा हात उठला नाही.

त्यानंतर ती बरणी बंदच राहिली. गुरुवारी मांजरीत लोडशेडिंग असायचं. फ्रिज बंद, पंखा बंद, बाहेर ऊस सळसळतोय तेवढाच आवाज. अशा एका गुरुवारी दुपारी बाहेरच्या खोलीत बसलो असताना आतून टक् असं ऐकू आलं. पातळ पत्र्याचं झाकण मध्यभागी दाबून सोडलं की होतो तो आवाज. थोड्या वेळाने पुन्हा. मी घड्याळ लावून ऐकलं. मिनिटाला सोळा.

टॉर्च घेऊन आत गेलो. चोवीस बरण्या कोरड्या होत्या. आईच्या बरणीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, तळहाताएवढी. ती विरली. मग झाकण टक् झालं आणि ती पुन्हा आली.

६

फेब्रुवारीच्या शेवटी अपेक्षा मांजरीला आली. काम संपलं होतं. कंपनीने बंगला सोडायचं ठरवलं होतं आणि सामानाची यादी करायला तिला पाठवलं होतं. लॅपटॉप उघडून तिने मला मॉडेल दाखवलं. जमिनीतल्या कार्बनचे तिने तीन कप्पे केले होते, एक लवकर कुजणारा, एक सावकाश कुजणारा आणि एक जवळजवळ न कुजणारा. जगात सगळीकडे असेच करतात. पण आमचे आकडे त्यात बसेनात, म्हणून तिने चौथा जोडला होता.

"सर, तुमच्या डिसेंबर-जानेवारीच्या आकड्यांमुळे करावा लागला," ती म्हणाली. "याच्यात फक्त आत जातं. बाहेर काहीच येत नाही."

मी विचारलं, तो भरतो कधी?

"भरतच नाही ना. मी हजार वर्षं रन केलं. मग दहा हजार. बाकीचे तिन्ही रिकामे होतात, पण हा भरत नाही." ती स्वतःशीच हसली. "बग असणार. पण क्लायंटला आवडलंय."

मग ती यादी करायला आत गेली आणि लगेच बाहेर आली. शेवटच्या बरणीत काय ठेवलंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही, ती आमच्या घरची आहे, यादीत धरू नको. ती बरं म्हणाली, पण पुन्हा आत गेली नाही. उरलेली यादी तिने दारात उभं राहून, मला विचारून विचारून पूर्ण केली.

चोवीस बरण्यांतली माती मी बंगल्यामागे उसाच्या बांधावर ओतून टाकली. आईची बरणी पंच्यात गुंडाळून, स्कूटरवर पुढे पायांत धरून बिबवेवाडीला आणली. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला जीव मुठीत धरला.

७

आईच्या खोलीत कपाटावर, तिला दिसणार नाही अशी मी ती ठेवली. आईला दिसली नाही, पण कळली. संध्याकाळी मला जवळ बोलावलं.

"उघड की रं," म्हणाली.

मी विचारलं, काय उघडू, खिडकी का?

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की अशीच बघायची.

पुढचे एकोणीस दिवस तिने दुसरं काही मागितलं नाही. खाणं सुटलं. हाडांवर कातडी उरली. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं तर यंत्राचा काटा हललाच नाही, त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. छाती वर-खाली होताना दिसायची नाही. तरी ती डोळे उघडून होती आणि बोलत होती, दिवसातून एखादं वाक्य. डॉक्टर माझ्या नजरेला नजर देईनासे झाले. त्यांनी येणंच कमी केलं. आणि कपाटावर टक्, टक्, मिनिटाला सोळा. कौशल्याला वाटायचं भिंतीवरचं घड्याळ बिघडलंय. तिने त्यातली बॅटरी काढून ठेवली.

मी उघडत नव्हतो. ती जगावी म्हणून उघडत नव्हतो असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे आई नसलेलं घर मला बघायचं नव्हतं, म्हणून मी तिला तशी ठेवली होती. एवढा कबुलीजबाब पुरे.

विसाव्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. तिने माझं मनगट धरलं. हात गार होता.

"आत लई लांब हाय रं," ती म्हणाली. "चालती हाय, चालती हाय. भिंतच लागत न्हाई."

मी स्टूल घेतलं, बरणी खाली काढली आणि तिच्या उशाशी टेबलावर ठेवली. वाफेने काच पांढरी झाली होती. त्या पांढऱ्यात एक सुपारीएवढा गोल डाग स्वच्छ होता. मुलं बंद खिडकीला नाक टेकवून बाहेर बघतात तेव्हा काचेवर उमटतो तसा. तो आतल्या बाजूने होता. मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

झाकण फिरेना. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा सैल झालं. आत कोंडलेलं बाहेर येईल, एक सुस्कारा ऐकू येईल आणि आईची सुटका होईल, अशी माझी समजूत होती. तसा सुस्कारा आलाच नाही. खिडकीचा पडदा खोलीच्या आत ओढला गेला आणि बरणीच्या दिशेने ताठ उभा राहिला. माझ्या सदऱ्याच्या बाह्या तिकडे वळल्या. बुडता माणूस वर येऊन घेतो तसा एक लांब, फार लांब श्वास आत घेतल्याचा आवाज झाला. तो थांबला तेव्हा पडदा खाली पडला. आईचं तोंड उघडं होतं आणि तिने माझं मनगट सोडलं होतं.

बरणी कोरडी होती. काच लख्ख. मी तिच्यात बघितलं, तळापर्यंत बघितलं. काही नव्हतं.

८

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला. बार्शीची माणसं म्हणाली, गोदाबाईंची काही इच्छा मागे राहिली नाही, भाग्यवान. मी मान हलवली. मागे काही राहिलं नाही ते कसं, हे मला त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

झाकण मी आई गेली त्याच दुपारी सोसायटीच्या कचऱ्यात टाकलं होतं. बरणीही फोडून टाकणार होतो, पण आईची एक तेवढीच वस्तू म्हणून कौशल्याने ती मागून घेतली, घासूनपुसून ओट्यावर पालथी घातली. झाकण नाही ना, मग झालं, असा मी विचार केला. तेराव्याची गडबड होती. कामाच्या मावशींनी काय केलं, कुणी कचऱ्यातून काय उचललं, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. आयुष्यभर मी रिकाम्या बरणीवर नजर ठेवण्याचा पगार घेतला.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बरणी पायलच्या अभ्यासाच्या टेबलावर होती. धुतलेली, लख्ख आणि झाकण लावलेली. तेच झाकण. पायल भूगोलाचा नकाशा रंगवत बसली होती. मी शक्य तेवढ्या सावकाश विचारलं की झाकण कुणी लावलं.

"मी," ती म्हणाली. "मावशींना खाली सापडलं, त्यांनी आणून दिलं. आजीची आठवण म्हणून मी ठेवणारे."

मी विचारलं, रिकामीच आहे ना?

पायलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला एवढंही कळत नाही.

"रिकामी कशी झाकणार, बाबा? साखर घ्यायला गेले तर आई ओरडली. मग मी आजीसारखं केलं. आजीने मला सांगितलं होतं, काही नसलं तर काय टाकायचं ते." तिने तोंडासमोर ओंजळ धरून करून दाखवलं. हाऽ.

हे घडून आज सव्वीस दिवस झाले. झाकण मी काढलेलं नाही. ते लावलेलं असताना काय होतं आणि काढल्यावर काय होतं, या दोन्ही गोष्टी मला माहीत आहेत, तिसरी गोष्ट मला माहीत नाही. अपेक्षाला फोन करून विचारलं की तुझ्या त्या चौथ्या कप्प्यात गेलेलं परत काढायला काही करता येतं का. ती म्हणाली, सर, तसं इक्वेशनच नाहीये, आणि मग काळजीने विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना.

बरणी मी कपाटावर ठेवली आहे. काल काचेवर पहिल्यांदा वाफ दिसली, रुपयाच्या नाण्याएवढी. ती भराभर येते आणि भराभर जाते. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा वेगाने चालतो, त्यात काही गूढ नाही.

आज शाळा सुटायच्या वेळी मी जिन्यात उभा होतो. खाली फाटक वाजलं आणि पायलचे पाय ऐकू आले, दोन-दोन पायऱ्या, पहिला मजला, मग दुसरा. मग ऐकू येईनात. मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दप्तर खाली ठेवून भिंतीला टेकून उभी होती. मला बघून हसली. काही नाही, म्हणाली, बूट घट्ट झालेत.